फ्रेमवर्क पुण्याच्या गाडीनं आलं

"काकू, ही सीडी कुणी घासली?"

"मीच की," कुमुदकाकू म्हणाल्या. समईत तेल घालता घालता त्यांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. "सगळंच घासलं. पूजेला मळकं ठेवतात होय? चिंच लावली, राख लावली, काथ्या फिरवला. बघ कशी निघालीय."

निघाली होती खरी. दोन्ही बाजूंनी निघाली होती. चकचकीत बाजूवर काथ्याचे गोल गोल ओरखडे उमटले होते आणि नाव लिहिलेल्या बाजूचा चंदेरी थर जागोजागी उडाला होता. मी ती खिडकीपाशी नेऊन धरली, तर समोरच्या शिंप्याचं दुकान तिच्यातून आरपार दिसलं.

खंडेनवमी होती. विट्याच्या तारळेकर टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये खंडेनवमी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा सण. टेबलं एकाला एक जोडून त्यांवर पांढरं धुतलेलं धोतर अंथरायचं, त्यावर सगळे टाइपरायटर तेलपाणी करून ओळीनं मांडायचे, प्रत्येकाला झेंडूची माळ. मधोमध आमचा कॉम्प्युटर, त्याच्या मॉनिटरवर कुंकवाचं स्वस्तिक. आणि पुढं ताम्हनात किरकोळ हत्यारं: कात्री, स्टेपलर, पेचकस आणि ही सीडी. ती ताम्हनात कुणी ठेवायला सांगितली होती, देव जाणे.

मी तिथं नोकरीला होते. बी.एस्सी. झालेली, सांगलीला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. कागदावर प्रोग्रॅमर; प्रत्यक्षात पोरांना टायपिंग शिकवणारी मीच, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढणारी मीच, आणि सर चिडले की गप्प ऐकून घेणारीही मीच. सर म्हणजे प्रभाकर तारळेकर, काकूंचे यजमान; इन्स्टिट्यूटच्या मागच्याच खोल्यांत दोघं राहायचे. माणूस वाईट नव्हता, पण तोंड असं की दहा माणसं जोडावीत आणि एका वाक्यात अकरा तोडावीत.

सर आतून कद नेसून, हातात घंटा घेऊन आले. मी सीडी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, सीडी उलटीसुलटी केली आणि घंटा खाली ठेवली.

"कुमुद! अगं, काय करून ठेवलंस हे? सारा जन्म यंत्रांच्या घरात काढलास, एवढं कळू नये? ही काय तांब्याची पळी आहे?"

"घासायची नसते होय?" काकू म्हणाल्या. "मला मेलीला काय माहीत."

"परवा सकाळी हॉस्पिटलात डेमो आहे! परवा! या सीडीशिवाय काय दाखवणार आहे ही पोरगी? आरती ओवाळणार?"

काकूंनी समईची वात पुढं सारली आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "शिरूकडं असेल की दुसरी."

सरांनी घंटा पुन्हा उचलली.

"त्याचं नाव या घरात काढायचं नाही, हे सांगितलंय तुला," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

आता ही सीडी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, एका तबकडीपायी केवढा हा कांगावा. गावातल्या धर्मादाय हॉस्पिटलच्या रक्तपेढीसाठी आम्ही एक प्रोग्रॅम केला होता. कोणत्या गटाचं रक्त किती शिल्लक, कोण दाता कुठल्या गावचा, त्याला कधी बोलवायचं, सगळं त्यात. पण असा प्रोग्रॅम नुसता उचलून दुसऱ्या मशीनवर ठेवला की चालत नाही. त्याच्या खाली एक सांगाडा लागतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. मशीनवर आधी तो बसवायचा, मग त्यावर आपला प्रोग्रॅम. सांगाडा नसेल तर प्रोग्रॅम म्हणजे अंगणात पडलेला विटांचा ढीग. आमच्या मशीनवर फ्रेमवर्क होतं, पण हॉस्पिटलचे सेक्रेटरी भंडारे पक्के होते. "तुमच्या मशीनवर तर काहीही नाचेल," त्यांनी सरांना सुनावलं होतं, "आमच्या मशीनवर चालवून दाखवा." ते मशीन नवं कोरं, त्यावर काहीच नव्हतं. बसवायचं तर या सीडीतून, आणि सीडी ही एवढी एकच. आमच्या मशीनला सीडी वाचता यायची, लिहिता यायची नाही. त्यामुळं दुसरी प्रत काढू काढू म्हणता राहूनच गेलं होतं.

आणि हे काम हुकलं असतं, तर इन्स्टिट्यूटला दिवाळीनंतर कुलूप लागलं असतं. टायपिंग शिकायला येतंय कोण आता? सर तसं बोलून दाखवायचे नाहीत, पण दिसत होतं. त्यांची पंचविशीपासूनची कमाई ती, आणि माझी पहिली नोकरी.

राहिला शिरू. शिरीष हा सर-काकूंचा एकुलता एक. प्रोग्रॅमचा मुख्य भाग त्यानंच लिहिला होता, ती सीडीही त्यानंच बाहेरून करून आणली होती. सरांनी मोठ्या हौसेनं दारावर नवी पाटी रंगवून घेतली, 'तारळेकर अँड सन'. रंग वाळतो न वाळतो तोच यानं पुण्याच्या एका कंपनीत नोकरी धरली, तीही न विचारता. दोघांचं असं वाजलं की समोरचा शिंपी मशीन थांबवून ऐकत बसला. "बाबा बोलावतील तेव्हाच येईन," असं पोरगं म्हणालं. "मरेन पण बोलावणार नाही," असं बाप म्हणाला. दोघं एकाच मातीचे. त्याला दोन दसरे होऊन गेले होते. शिरीष अधूनमधून शेजारच्या पतकींकडं फोन करायचा, काकू पदराला हात पुसत धावत जायच्या आणि दोन मिनिटांत परत यायच्या. डोळे तेवढे लाल असायचे.

मी सरांकडं गेले. "सर, पूजा दुपारपर्यंत थांबवता येईल का? एकदा यंत्रांची पूजा झाली की उद्या सोनं लुटेपर्यंत हात लावता येणार नाही. तोवर मला काय करता येतंय ते बघू दे."

"मुहूर्त आहे दुपारपर्यंत. बघ," ते म्हणाले. "पण त्या पुण्यावाल्याकडं हात पसरायचा नाही. तेवढं सोडून काय करायचं ते कर."

मग मी जे धावले, ते आठवलं की आजही माझे पाय दुखतात. आधी ती सीडीच मशीनमध्ये घातली. मशीननं घशात काटा अडकल्यासारखी घरघर केली आणि ती बाहेर फेकली. पुसून घातली, पुन्हा घरघर, पुन्हा बाहेर. मग म्हटलं, आमच्या मशीनवर बसवलेलं फ्रेमवर्कच उचलून नेऊ. सरांच्या किल्ल्यांच्या जुडग्याला एक पेनड्राइव्ह लटकत असायचा, त्यावर अख्खा फोल्डर उतरवला, लूनाला किक मारली आणि हॉस्पिटल गाठलं. तिथल्या मशीनवर फोल्डर ठेवला, प्रोग्रॅम सुरू केला. 'फ्रेमवर्क सापडत नाही.' अगं बाई, तुझ्या पुढ्यात ठेवलंय की! पण तसं नसतं ते. घराचा सांगाडा उचलून दुसऱ्याच्या प्लॉटवर नेला, तरी पाया मागंच राहतो.

परत आले. आता इंटरनेट. तेव्हा आमच्याकडं इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं, तेही लंगडत. फोन लावायचा, त्यानं चिरकायचं, मग गाडी चालू. मी फ्रेमवर्क उतरवून घ्यायला लावलं आणि देवाचं नाव घेत बसले. पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. सर कद नेसलेले, माझ्या मागं उभे.

"किती झालं?"

"निम्मं होत आलं, सर."

"अर्धं घेऊन चालत नाही?"

"नाही हो, सर. अर्धं घेऊन नाही चालत."

तेवढ्यात कऱ्हाडहून काकूंच्या बहिणीनं फोन लावला, दसऱ्याला येताय का म्हणून विचारायला. तार एकच. इंटरनेट तुटलं, निम्मं उतरलेलं गेलं. काकू फोनवर निवांत बोलल्या, "नाही गं, यंदा घरीच, काही सांगता येत नाही कोण येईल," आणि मी कपाळाला हात लावून बसले. पुन्हा लावलं, तर पाव पट्टीवरच लाइन मेली. मुहूर्त संपत आला. सरांनी सुस्कारा टाकला, घंटा वाजवली, कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, आणि आमच्या मशीनचा मार्ग उद्या संध्याकाळपर्यंत बंद झाला.

आज माझ्या हाताखालची पोरं एक ओळ टाइप करतात आणि चहाचा घोट संपायच्या आत फ्रेमवर्क हजर. मी त्यांना हे सांगायला जाते, तर ती हसतात. हसू देत बापडी.

मग मी सायबर कॅफेत गेले. कॅफेवाला महेश जाधव दारातच खुर्ची टाकून बसला होता, कपाळाला टिळा.

"महेशभाऊ, एक मशीन द्या. फार अडलंय."

"ताई, पूजा झालीय की. आता उद्या संध्याकाळी."

"अहो, रक्तपेढीचं काम आहे."

"मशीनवर नारळ ठेवलाय, ताई. मी उठवला तर आई मला उठवंल."

दुसरा कॅफे बसस्टँडमागं. तिथं शटरच खाली. झेरॉक्सवाल्याकडं कॉम्प्युटर होता, त्याच्यावर हार होता. बँकेत होता, बँकेला सुट्टी. काय सांगू, त्या दिवशी गावातलं प्रत्येक मशीन देव झालं होतं, आणि देवाला कोण कामाला लावणार? महेशला मात्र माझी दया आली. त्यानं आतून एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेली सीडी शोधून दिली. "यात फ्रेमवर्क आहे म्हणं, ताई. बघा."

मी पुन्हा हॉस्पिटलात. तिथल्या मशीनला कसली खंडेनवमी! सीडी घातली. फ्रेमवर्क होतं, बसलं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. प्रोग्रॅम उघडला, पहिला पडदा आला, दात्याचं नाव टाकलं, आणि धाडकन पडला. पुन्हा उघडला, पुन्हा पडला. सीडीतलं फ्रेमवर्क नवीन होतं, आमचा प्रोग्रॅम जुन्यावर बेतलेला. शिरीषनं त्यात जो एक तयार भाग, म्हणजे 'कंट्रोल', वापरला होता, तो नव्यात चालतच नव्हता. मी बसवलं ते सगळं काढून टाकलं, मशीन होतं तसं केलं आणि तिथंच टेबलावर डोकं ठेवलं. नर्सबाईंनी येऊन विचारलं, "रक्त द्यायला आलाय का? चक्कर आली का?"

दिवेलागणीला इन्स्टिट्यूटमध्ये परतले. काकूंनी चहा दिला. सर झोपाळ्यावर बसले होते, पण झोपाळा हलत नव्हता.

"नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही. नवीन मिळालं, जुनं मिळत नाही. आणि आपल्याला जुनंच लागतं."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "भंडाऱ्यांना सांगू, तारीख पुढं घ्या."

"त्यांनी कोल्हापूरच्या कंपनीवाल्यांनाही बोलावलंय, सर. परवा दुपारी. आपण नाही दाखवलं, तर ते दाखवणार."

काकू दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "फोन लावा ना. कामाचाच तर आहे."

मला वाटलं, आता सर कडाडणार. पण त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच एवढा म्हातारा पाहिला. ते उठले, फोनपाशी गेले. नंबर त्यांना कुणी सांगावा लागला नाही. इन्स्टिट्यूटच्या त्या फोनचा आवाज असा मोठा की पलीकडचा माणूस अख्ख्या खोलीला ऐकू यायचा. काकू माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझा दंड धरला होता, घट्ट.

"हॅलो?" शिरीषचा आवाज.

सरांनी घसा साफ केला. "तारळेकर बोलतोय. विट्याहून."

पलीकडून, "बाबा?"

"हां. ते... रक्तपेढीचं फ्रेमवर्क. सीडी खराब झाली."

"कुठलं व्हर्जन? आपलं जुनंच ना?"

"जुनंच. नवीनवर पडतंय."

"पडणारच. मी तेव्हा जुनाच कंट्रोल वापरला होता. आहे माझ्याकडं, बाबा. त्याच्या दुरुस्त्यांचा सर्व्हिस पॅकही आहे, तोही टाकून देतो. आधी फ्रेमवर्क, मग मशीन बंद करून चालू, मग सर्व्हिस पॅक. क्रम चुकवू नका."

"क्रम नाही चुकवत."

"डेमो कधी आहे?"

"परवा सकाळी."

काकूंची बोटं माझ्या दंडात रुतली होती.

"मी..." शिरीष म्हणाला. "उद्या सुट्टीच आहे मला. मी आणून देऊ का?"

हो म्हणा, हो म्हणा, असं मला ओरडावंसं वाटलं. सरांनी तोंड उघडलं. मिटलं. बाहेरच्या अंधाराकडं पाहिलं.

"कशाला उगीच," ते म्हणाले. "सणाची गर्दी असते. सकाळच्या गाडीला यादव ड्रायव्हर असतो, ओळखीचा आहे. त्याच्याकडं दे."

"बरं," शिरीष म्हणाला. "देतो."

"ठेवतो मग."

काकूंनी हात पुढं केला होता. सरांनी फोन ठेवला तेव्हा तो हात तसाच पुढं होता.

"मला द्यायचा होता," त्या म्हणाल्या.

"कामाचं बोलणं होतं," सर म्हणाले आणि झोपाळ्यावर जाऊन बसले. पण झोपाळ्याला त्यांनी पायानं झोका दिला, हे मी पाहिलं. मला तर नाचावंसं वाटत होतं. बोलले की नाही? तोंडातून शब्द निघाला की नाही? फ्रेमवर्कही मिळालं आणि बापलेकही बोलले, एका दगडात दोन पक्षी.

आमच्याकडं पुण्याहून काही मागवायचं म्हणजे असंच मागवायचं. स्वारगेटला जाऊन ड्रायव्हरच्या हातात पाकीट द्यायचं, चहापाण्याला काही द्यायचं, आणि गावच्या स्टँडवर घरचं माणूस उभं करायचं. लग्नाच्या पत्रिका, औषधं, चष्मे, सगळं त्या केबिनमधून यायचं. नेहमी आणायला सर जायचे. दसऱ्याच्या दुपारी मात्र काकू म्हणाल्या, "मी जाते वैजूबरोबर."

वैजू म्हणजे मी, वैजयंती. काकूंनी मोरपंखी इरकली नेसली होती, नाकात नथ. अंबाड्यावर अबोलीचा गजरा. घरातून निघताना स्वयंपाकघरातून बासुंदीचा वास येत होता.

"काकू, सीडी आणायला एवढा थाट?" मी चेष्टा केली.

"सण आहे गं," त्या म्हणाल्या आणि लाजल्या. खरंच लाजल्या.

स्टँडवर आम्ही बराच वेळ उभ्या होतो. पुण्याची गाडी आली ती खचाखच भरलेली. लोक उतरायला लागले: गाठोडी, पोरं, झेंडूची पोती, टोप्या. मी थेट ड्रायव्हरच्या दाराकडं धावले. यादव ड्रायव्हरनं सीटमागून एक पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. कोपरे चिकटपट्टीनं बंद केलेले, वर शिरीषचं अक्षर: 'मोडू नये.'

"जपून आणलंय, ताई. मांडीवर ठिवून आणल्यागत," तो म्हणाला. "आणि आज सर न्हाई आलं? काकू कशापायी आल्या एवढ्या उन्हाच्या?"

मी वळून पाहिलं. काकू गाडीच्या मागच्या दाराशी उभ्या होत्या. उतरणाऱ्या प्रत्येक माणसाचं तोंड बघत होत्या. शेवटची म्हातारी उतरली, तिचं बोचकं उतरलं. मग काकूंनी पायरीवर पाय ठेवला, दांडा धरून वर चढल्या आणि रिकाम्या गाडीत डोकावल्या. कंडक्टर म्हणाला, "आज्जी, गाडी पुढं जात नाही, डेपोत चाललीय." तेव्हा खाली उतरल्या.

"काकू, मिळालं!" मी पाकीट उंच करून दाखवलं.

त्यांनी पाकिटाकडं पाहिलंच नाही. यादवला विचारलं, "स्वतः आला होता द्यायला?"

"आलता की. गाडी सुटंपतूर उभा हुता खिडकीपाशी. म्हनलं, बस की गाडीत, दोन सीटा हायती मोकळ्या, दसरा करून ये. तर म्हनला, न्हाई काका, बाबांनी सीडीच मागवलीय."

"कसा दिसत होता?"

"बारीक झालाय, काकू. मेसचं खातोय नव्हं."

काकूंनी मान हलवली. आम्ही घरी आलो. वाटेत मी सारखी बडबडत होते, फ्रेमवर्क असं बसवू, सर्व्हिस पॅक तसा बसवू. त्या हूं हूं करत होत्या. मला वाटलं, उन्हानं दमल्या असतील. इतकं माझं डोकं त्या पाकिटात अडकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळं चाललं. आधी फ्रेमवर्क, मग मशीन बंद-चालू, मग सर्व्हिस पॅक. भंडाऱ्यांनी खुर्ची ओढली, स्वतःचं नाव टाकलं, गट टाकला आणि गावातले त्याच गटाचे दाते पडद्यावर झरझर उतरले. त्या यादीत भंडारे दोनदा खाली गेले, दोनदा वर आले. "नाचतंय की हो आमच्याही मशीनवर," ते म्हणाले. काम आम्हाला मिळालं. कोल्हापूरवाल्यांना चहा पाजून परत पाठवलं.

सर हॉस्पिटलातून आले ते चप्पल न काढता फोनपाशी गेले.

"चाललं रे!" ते ओरडले. "पहिल्या झटक्यात! ... हो, हो, क्रमानंच केलं. ... काय म्हणतोस, नव्यावर आणायला किती दिवस लागतील? ... छे छे, तो कंट्रोल बदलूच मग. ... तू पाठव, वैजयंती बघेल."

सर हसत होते. त्यांना हसताना पाहून मला इतकं बरं वाटलं की दोन दिवसांचा शीण निम्मा उतरला. पेढ्यांचा पुडा घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. बासुंदीचं पातेलं तसंच झाकलेलं होतं.

"काकू, तोंड गोड करा. झालं ना सगळं मनासारखं? ऐकताय ना, कसे बोलतायत दोघं?"

"बोलतायत," काकू म्हणाल्या. "मशीनबद्दल."

त्यांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. ओट्यावर ठेवला.

"वैजू, तू यायच्या आधी शिरूच्या सीड्या कोण पुसायचं, माहीत आहे तुला?"

"कोण?"

"मीच. मऊ मलमलीच्या फडक्यानं, मधून कडेकडे, तो सांगायचा तशी. गोल गोल फिरवायचं नाही, ओरखडे पडतात."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातला पुडा मी खाली ठेवला. बाहेर सर कुठल्यातरी सर्व्हिस पॅकचं नाव विचारून घेत होते, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत.

"काकू... तुम्ही मुद्दाम?"

"मग काय करू? 'बाबा बोलावतील तेव्हा येईन,' म्हणाला ना? याच्याशिवाय ह्यांनी त्याला काही मागितलं नसतं. आईचं मन म्हणून कोणी फोन लावतं का या घरात? हॉस्पिटलचं काम बुडालं असतं तर बुडालं असतं. तुझी मात्र दया येत होती, कशी धावत होतीस उन्हातान्हाची." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मला वाटलं, सीडी मागितली की पोरगं येईल. त्यानं तर विचारलंही होतं गं, आणून देऊ का म्हणून. तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"सीडी आली."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार? थोड्या वेळानं त्या वळल्या, डोळे पुसले आणि माझ्याकडं अशा पाहायला लागल्या, जसं मला सगळंच येतं.

"तू शिकलेली आहेस," त्या म्हणाल्या. "मला एवढं सांग. या घरातलं असं काय मोडू, जे त्याला एसटीनं पाठवता यायचं नाही?"